अंगणात मांडलेलं भांडण

घरची वैनी स्टीलचा डबा वर धरून हलवते. आतून जाडसर खुळखुळाट येतो. अंगणातल्या पंधरा-वीस पोरी श्वास रोखून ऐकतात आणि मग एकच गलका. "फुटाणे!" "नाही." "शंकरपाळे!" "नाही." "गोड हाय का तिखट, थे त सांगा नं वैनी!" "सांगून देल्यावर मंग मजा काय राह्यली व?" तेवढ्यात मागून एक बारकीशी पोरगी ओरडते, "मुरमुऱ्याचे लाडू!" झाकण उघडतं, लाडू हातोहात वाटले जातात आणि सगळा घोळका टिपऱ्या वाजवत शेजारच्या घराकडे निघतो.

वर्धा जिल्ह्यात, आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत, भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी असा महिनाभर भुलाबाईचा खेळ चालत आला आहे. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, काही घरी मांडीवर छोटा गणोबा. संध्याकाळी पोरींनी घरोघर जायचं, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. पुण्याकडचा भोंडला, कोल्हापूरकडचा हादगा आणि खानदेशातली गुलाबाई या तिच्याच बहिणी.

लहानपणी माझं सगळं लक्ष त्या डब्यात अडकलेलं असायचं. गाणी तोंडपाठ होती, पण ती तोंडातच राहिली. स्वतःचा संसार सुरू झाला आणि एका कोजागिरीला भाचीच्या तोंडून तीच गाणी ऐकताना त्यांचा अर्थ कानात शिरला. मी जागच्या जागी थबकले. यातली कितीतरी गाणी भांडणांची आहेत! माहेरी जाऊ न देणारी सासू, निर्णय टाळणारा नवरा, रुसून बसलेली सून, तिची समजूत काढायला निघालेलं सासर. लग्न म्हणजे काय हेही न कळणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुली नवरा-बायकोच्या कटकटी गावभर गात फिरतात, आणि दारात उभ्या राहून त्या ऐकणाऱ्या सासवा-सुना पदर तोंडाला लावून हसतात.

घरातल्या भांडणाबद्दल आपली रीत ठरलेली आहे. घरोघरी मातीच्या चुली म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. भांडण चव्हाट्यावर आलं की अब्रू गेली. मग याच समाजाने वर्षातून एक महिना तेच भांडण अंगणात का मांडलं? त्यावर हसायची मुभा कशी दिली? या प्रश्नाचा माग काढत गेले तेव्हा दिसलं, की नवरा-बायकोच्या तंट्याचा गमतीदार कार्यक्रम करण्याची जी कल्पना आपण टीव्हीची समजतो, ती विदर्भातल्या बायापोरींनी कधीचीच राबवलेली आहे, आणि काही बाबतींत टीव्हीपेक्षा शहाणपणाने.

मुळात भुलाबाईच भांडणातून जन्मली. कथा अशी सांगतात, की शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसले. डावामागून डाव पार्वतीने जिंकला. शंकर हरत गेले, सगळं गमावून बसले आणि रुसून रानात निघून गेले. तिन्ही लोकांचा स्वामी, पण बायकोकडून झालेली हार त्यालाही सोसवेना. पार्वतीने कोणाला मध्यस्थ घातलं नाही. तिने भिल्लिणीचं रूप घेतलं, रानात गेली, नाचली, गायली. शंकर तिच्यावर भुलले. भुलले म्हणून ते भुलोजी, आणि भुलवणारी ती भुलाबाई.

ही कथा मला जितक्यांदा आठवते तितक्यांदा नव्याने चकित करते. इथे रुसून बसलेला देव आहे आणि समजूत काढणारी देवी. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. डाव कोण जिंकलं, हा मुद्दाच पार्वतीने सोडून दिला. ती बायको म्हणून रानात गेली नाही. अनोळखी बाई होऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. ज्या नात्यात भांडण गुंतलं होतं, त्या नात्याबाहेर ती घटकाभर येऊन थांबली आणि गाठ आपसूक सुटली. हे अनोळखी होणं ध्यानात ठेवावं. सगळ्या खेळाची किल्ली तिथेच आहे.

आता गाण्यांकडे वळू. कारल्याच्या वेलाचं गाणं भुलाबाईतही आहे आणि भोंडल्यातही. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर म्हणे कोंब फुटू दे. कोंब फुटला, तर वेल वाढू दे. मग फुलू दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, मग जेव, मग उष्टं काढ. प्रत्येक कडव्यात अट पुढे सरकते आणि माहेर तेवढंच मागे. नोकरदार माणसाला साहेबाकडून रजा मिळवताना हेच कडवं ऐकू येतं! टाळाटाळ कशी केली जाते, कोणी थेट नाही न म्हणता नाही कसं म्हणतं, याचं इतकं नेमकं चित्र मी कुठल्या जाड पुस्तकात पाहिलेलं नाही. गाणं संपता संपता त्या सासूचा राग येत नाही. तिची युक्ती उघडी पडलेली असते, आणि उघडी पडलेली युक्ती पुन्हा वापरायची म्हणजे पंचाईतच. दारात उभी असलेली खरी सासू हे गाणं ऐकून हसली, की दुसऱ्या दिवशी आपल्या सुनेला 'आधी वेल लाव' म्हणायला तिची जीभ जरा अडखळणारच.

दुसरं गाणं वेड्या नवऱ्याचं. बायको एकेक पदार्थ निगुतीने करते आणि हा वेडा त्याला भलतंच काहीतरी समजून बसतो. लाडू दिसले की चेंडू म्हणून खेळायला घेतो. पदार्थ बदलतो, वेडेपणा तोच. बायकोच्या कष्टाकडे न पाहणाऱ्या नवऱ्याची याहून बोचरी आणि तरीही हसती तक्रार कोणती असेल? आजची बाई म्हणते, "यांचं माझ्याकडे लक्षच नसतं." गाण्यातल्या बाईने तेच सांगितलं, फक्त लाडवाचा चेंडू करून सांगितलं.

या खेळाची मांडणी पाहा. रोज संध्याकाळी एक प्रयोग, असा महिनाभर. पात्रं ठरलेली: सून, नवरा, सासू, सासरा, दीर, नणंद. प्रेक्षक रोज नवे, कारण घर रोज नवं. मध्ये ओळखाओळखीची स्पर्धा, शेवटी बक्षीस. आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई-भुलोजी बसवून, आटवलेलं दूध पिऊन सांगता. वाहिन्यांवर कार्यक्रमाचा जो आराखडा कष्टाने बसवतात, तो इथे बायकांनी जातं ओढता ओढता बसवलेला आहे.

टीव्हीनेही हा विषय सोडलेला नाही. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २०१० साली 'द मॅरेज रेफ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. तो काढला होता जेरी साइनफेल्ड या गाजलेल्या विनोदवीराने. घरी बायकोशी वाद चालू असताना त्यांची एक मैत्रीण तिथेच अवघडून बसली होती. दोघांनी तिलाच पंच नेमलं, निकाल तिला मागितला, आणि त्यातून कार्यक्रमाची कल्पना निघाली, असं त्याने सांगितलं आहे. खरी जोडपी आपला तंटा मांडायची, नामवंत पाहुणे त्यावर टिप्पणी करायचे आणि सूत्रसंचालक टॉम पापा निवाडा द्यायचा. एका नवऱ्याला मेलेला लाडका कुत्रा पेंढा भरून घरात ठेवायचा होता. बायकोचा साफ नकार. अशी प्रकरणं. समीक्षकांनी कार्यक्रमाला चांगलंच झोडपलं आणि दोन हंगामांत तो आटोपला.

आपल्याकडे २००८ मध्ये स्टार प्लसवर 'आप की कचहरी' आलं. किरण बेदी खऱ्या लोकांचे खरे तंटे ऐकून तोड सुचवायच्या. त्याआधी २००४ पासून झी मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं होतं. तिथे निवाडा नव्हता, पैठणी होती. पण आदेश बांदेकर दारात आले की वर्षानुवर्षं न बोललेली गृहिणी नवऱ्याची लहानशी तक्रार हसत हसत सगळ्या महाराष्ट्रासमोर सांगून मोकळी व्हायची, आणि नवरा कान पकडून हसायचा. भुलाबाईच्या अंगणाशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

रंगभूमीवर तर हे शंभर वर्षांपूर्वीच घडलं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. त्याचं मूळ शोधत गेलं तर आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे फ्रान्सच्या मोलिएरपर्यंत पोचतं. सतराव्या शतकातल्या पॅरिसचा संशयी नवरा मराठीत आला, फाल्गुनराव झाला आणि आपल्याच वाड्यात राहत असल्यासारखा रुळला. एका तसबिरीवरून बायकोवर संशय घेणारा फाल्गुनराव पाहून थिएटरातले नवरे पोट धरून हसले. त्यांतल्या कित्येकांच्या खिशात थोडाथोडा फाल्गुनराव असेलच. पण समोरचा दुसरा आहे म्हटल्यावर हसायला धीर येतो, आणि घरी जाताना आपलं आपल्याला कळतं.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं की आपलं भांडण हलकं का होतं? यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो परिसरातल्या १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षं अभ्यास केला. दर चार महिन्यांनी प्रत्येकाने आपल्या मोठ्या भांडणाची हकिगत लिहायची आणि संसारात किती समाधान आहे ते नोंदवायचं. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच समाधान थोडं थोडं उतरलं. संसारात हे होतंच. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना एक जास्तीचं काम दिलं. दोघांचंही भलं चिंतणारा एखादा तिऱ्हाईत हे भांडण पाहत असता, तर त्याला काय दिसलं असतं, ते लिहायचं. एका वेळी ७ मिनिटं, वर्षातून ३ वेळा. म्हणजे अख्ख्या वर्षात फक्त २१ मिनिटं!

२०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी ती २१ मिनिटं दिली, त्यांच्या समाधानाची उतरण दुसऱ्या वर्षी थांबली. बाकीच्यांची चालूच राहिली. विशेष असं, की या जोडप्यांची भांडणं काही कमी झाली नव्हती. विषयही तेवढेच गंभीर होते. भांडणाने होणारा जाळ तेवढा कमी झाला होता.

हे वाचलं तेव्हा मला आधी रानातली भिल्लीण आठवली आणि मग टिपऱ्या वाजवणाऱ्या पोरी. पार्वती तिऱ्हाईत झाली तसं भुलाबाईचं गाणंही प्रत्येक घराला घटकाभर तिऱ्हाईत करतं. गाण्यातली सून म्हणजे अमक्याची अमकी नव्हे. तिला नाव नाही, गाव नाही. दारात उभी असलेली सून तिच्यात स्वतःला पाहते, सासू सासूला पाहते, ओसरीवर पेपर वाचायचं सोंग घेतलेला नवराही कान देऊन असतो. तिघं मिळून एकाच भांडणाकडे बाहेरून पाहतात. आणि पाहणारी नजर भलं चिंतणारी असते, कारण गाणाऱ्या मुलींचा कोणावर राग नाही. त्यांना खाऊ हवा आहे.

हसताना मात्र जपावं लागतं. वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं चित्रित करून वर्षानुवर्षं अभ्यासली. त्यांना आढळलं, की नवरा-बायकोतले साधारण ६९ टक्के मतभेद कधीच पुरते मिटत नाहीत. स्वभाव, सवयी, पैसा, दोन्हीकडची माणसं हे विषय जन्माचे सोबती. टिकणारी जोडपी ते मिटवत नाहीत, त्यांच्यासोबत नांदायला शिकतात, आणि त्यात थट्टेचा मोठा वाटा असतो. पण संसार मोडण्याची सगळ्यात ठळक खूण त्यांना सापडली ती तुच्छतेत. डोळे फिरवणं, वेडावणं, समोरच्याला खालचं समजून हसणं. बाहेरून दोन्ही हसूच. एक सांधतं, दुसरं उसवतं.

आपल्या बोलीत हा फरक आधीपासून आहे. थट्टा वेगळी आणि टोमणा वेगळा. थट्टेत बोलणाराही हसतो आणि ऐकणाराही. टोमणा एकालाच लागतो. 'मॅरेज रेफ'सारख्या कार्यक्रमाची अडचण इथेच असावी. खरं जोडपं, खरं नाव, देशभर प्रक्षेपण, आणि शेवटी एक जिंकणार, दुसरा हरणार. कार्यक्रम संपल्यावर हरलेल्याला जिंकलेल्यासोबत एकाच घरात जायचं असतं. भुलाबाईत निकालच नाही. डब्यातला खाऊ ओळखणारी जिंकते, पण लाडू सगळ्यांना मिळतो.

भुलाबाईवर माझा इतका जीव आहे, म्हणूनच तिच्यातलं खुपणारंही सांगितलं पाहिजे. रुसून बसलेल्या सुनेचं एक गाणं आहे. सासरचं एकेक माणूस दागिना घेऊन तिची समजूत काढायला जातं आणि ती प्रत्येकाला परत पाठवते. शेवटी नवरा जातो. काही ठिकाणी म्हणतात त्या पाठात त्याच्या हातात चाबूक असतो, आणि ती निमूट निघते. वेड्या नवऱ्याचं गाणंही काही पाठांत बायकोच्या जिवावर येऊन संपतं. इथे हसू घशात अडकतं आणि अडकायलाच हवं. ज्या बायकांनी हे रचलं त्यांनी आपलं जगणं जसं होतं तसं मांडलं. त्यांच्या घरात शेवटचा शब्द चाबकाचा होता. ते गाणं म्हणजे तक्रारअर्ज आहे, फक्त तो घ्यायला त्या काळी खिडकी नव्हती. आज गाताना मुलींना थांबवून विचारावं, "अशी ती काऊन गेली असंन व?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. आणि कडवं बदलायलाही हरकत नाही. लोकगीत बदलतं म्हणूनच जगतं.

एका नवऱ्याने आपलं भांडण जगापुढे मांडलं, त्याची खूणही याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामच्या आश्रमात बापू कुटी आणि बा कुटी हाकेच्या अंतरावर आहेत. गांधीजी १९३६ मध्ये तेव्हाच्या शेगावात राहायला आले. माणसांच्या गराड्यात कस्तुरबांना स्वतःचा कोपरा मिळेना, म्हणून जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. आज तिथे उभं राहिलं की त्या जोडप्याचा लांबलचक संसार डोळ्यांपुढे येतो. त्या संसारातली १८९८ सालची डर्बनची घटना गांधीजींनीच आत्मकथेत लिहिली आहे. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचं मूत्रपात्र कस्तुरबांनी उचलायचं, आणि तेही आनंदाने, असा त्यांचा हट्ट. कस्तुरबा रडत जिना उतरत होत्या. शब्दाला शब्द वाढला आणि गांधीजींनी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या देशात मी जाऊ कुठे, जरा लाज बाळगा, असं बांनी सुनावल्यावर ते खजील झाले आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.

ही घटना दोघांशिवाय कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण १९२५ पासून 'नवजीवन'मध्ये आत्मकथा क्रमशः छापून येत असताना गांधीजींनी ती लिहिली, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःला उभं केलं. भांडण उघड करावं की नाही, याची ही मला कसोटी वाटते. सांगताना बोट कोणाकडे आहे? स्वतःकडे असेल तर ऐकणारा शहाणा होतो. जोडीदाराकडे असेल तर चव्हाटा होतो. गांधीजींकडूनही पुढे तसं झालं. १९३८ मध्ये ओडिशातल्या डेलांग इथे गांधी सेवा संघाचं अधिवेशन होतं. त्या वेळी कस्तुरबा पुरीच्या जगन्नाथ मंदिरात जाऊन आल्या. हरिजनांना ते मंदिर बंद होतं, म्हणून गांधीजी व्यथित झाले आणि ती व्यथा त्यांनी जाहीर बोलून दाखवली. मुद्दा त्यांचा खरा होता. त्यांनी स्वतःलाही दोष दिला. तरी भरल्या सभेत बांना काय वाटलं असेल, हा विचार बा कुटीच्या ओसरीवर मनात आल्यावाचून राहत नाही.

गावात खरी भांडणं मिटवायची व्यवस्थाही आपण करून पाहिली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातला तंटा गावातच सामोपचाराने मिटवायचा, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांच्या घरात बक्षीस. विदर्भात या समित्यांनी एक भलतंच गोड काम अंगावर घेतलं. घरच्यांचा विरोध असलेली सज्ञान मुलं-मुली समितीकडे येऊ लागली, आणि समितीने दोन्ही घरांना समजावून ग्रामपंचायतीत किंवा देवळात त्यांची लग्नं लावली. तंटामुक्ती अध्यक्ष मध्ये उभा, दोन्हीकडचे मामा थोडे घुश्शात, आणि दोन हार घालून उरकलेलं लग्न, ही छायाचित्रं आपल्याकडच्या पेपरात कितीदा तरी आलेली आहेत. मोहिमेचा जोर पुढे ओसरला. पण भांडणात तिसरं माणूस लागतं आणि ते जवळचं असलं तर बरं, हे त्या छायाचित्रांत दिसत राहतं.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कलम ९ सांगतं, की न्यायाधीशांनी आधी समेटाचा प्रयत्न करावा. म्हणून तिथे समुपदेशक असतात. आणि कलम ११ प्रमाणे दोघांपैकी एकाने जरी मागितलं, तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. दार बंद ठेवायचं कारण असं, की खऱ्या भांडणात माणूस उघडा पडलेला असतो. त्या उघडेपणाला प्रेक्षक मिळाला, की माणूस समेट सोडून बाजी जिंकायच्या मागे लागतो. मारहाण, छळ, धमकी ही तर भांडणं नव्हेतच. तिथे ना थट्टा चालते, ना सामोपचार. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. गाण्यातल्या सुनेला जी खिडकी नव्हती, ती ही.

आता कोणाला नवरा-बायकोच्या तंट्यांवर गमतीचा कार्यक्रम काढायचा असेल, तर त्याने एकदा कोजागिरीच्या आधी वर्धेला यावं आणि एखाद्या अंगणात पोरींच्या मागे उभं राहावं. खरं भांडण बंद दाराआड ठेवावं, अंगणात त्याचं सोंग आणावं. कोणाचं नाव घेऊ नये. सुनेला जसं कडवं, तसं सासूलाही आणि नवऱ्यालाही असावं. निकाल कोणाच्या बाजूने देऊ नये. आणि शेवटी डबा उघडून सगळ्यांना खाऊ द्यावा. इतके नियम पाळले, तर तो कार्यक्रम पाहून घरी जाणारं जोडपं वाटेत एकमेकांकडे बघून हसेल, आणि कुठलीतरी जुनी अढी त्या हसण्यात सैल होईल.

वाहिनी येईल तेव्हा येईल. आपल्याला तोवर थांबायची गरज नाही. वस्त्यांचे फ्लॅट झाले, अंगणं गेली, टिपऱ्या कपाटावर पडल्या, तरी जिना आहे, गच्ची आहे. या भाद्रपद पौर्णिमेला कुंभाराकडून भुलाबाई-भुलोजींची जोडी आणा. शेजारच्या मुलींना बोलवा, आणि या वेळी मुलांनाही. खाऊ नवऱ्याला करायला सांगा. आणि डबा हलवायच्या आधी, गेल्या महिन्यात घरात झालेलं एखादं भांडण नाव न घेता एका कडव्यात बसवून म्हणा. आधी स्वतःच्या चुकीचं कडवं.